जमीन सामुराईची, दिवाणखाना गलबतमालकाचा : कानाझावाच्या नोमुरा निवासाचे प्रकरण

जपानच्या इशिकावा प्रांताची राजधानी असलेल्या कानाझावा शहरात नागामाची नावाची एक जुनी वस्ती आहे. पिवळसर मातीच्या उंच भिंती, त्यांवरची कौलांची लहान छपरे आणि गल्लीच्या कडेने खळाळत जाणारा पाण्याचा पाट यांमुळे ही वस्ती जपानच्या सरंजामी काळातून उचलून आणल्यासारखी दिसते. याच वस्तीत नोमुरा कुटुंबाचे सामुराई निवासस्थान लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. दारातच चिलखत आणि शिरस्त्राण मांडलेले असते. आत हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाचे उंच बैठकीचे दालन, चित्रित सरकत्या भिंती आणि ओसरीला लागून बाग दिसते. येथे येणारा बहुतेक माणूस असे धरून चालतो की नोमुरा नावाचे योद्धे याच खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले असतील. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी कोणीही या दालनात कधी बसलेले नाही. ते दालन मुळात दुसऱ्या गावचे, दुसऱ्या माणसाचे आणि दुसऱ्या वर्गाचे होते. जतन केलेल्या वास्तूंचा अभ्यास करताना हे प्रकरण मला इतर अनेक अस्सल घरांपेक्षा अधिक बोलके वाटते, कारण सामुराई वर्गाचे वैभव, त्याचा अंत आणि त्या अंतानंतर त्याच्याविषयी निर्माण झालेली ओढ या तिन्ही गोष्टी या एकाच आवारात एकावर एक रचलेल्या सापडतात.

मूळ कुटुंब

1583 मध्ये माएदा तोशिइए याने कानाझावाच्या किल्ल्यात प्रवेश केला आणि तेथून कागा संस्थानाचा उदय झाला. जपानमध्ये संस्थानाची ऐपत कोकू या मापाने मोजत असत. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका प्रौढ माणसाला वर्षभर पुरणारे धान्य. माएदा घराण्याचा प्रदेश दहा लाख कोकूंहून अधिक उत्पन्नाचा होता, आणि देशाची प्रत्यक्ष सत्ता हाती असलेल्या तोकुगावा शोगुनांचा स्वतःचा मुलूख सोडला तर एवढे मोठे संस्थान जपानमध्ये दुसरे नव्हते. तोशिइएबरोबर आलेल्या थेट चाकरीतील माणसांत नोमुरा देन्बेई नोबुसादा हा एक होता. त्याच्या घराण्याची नेमणूक 1,000 ते 1,200 कोकूंच्या घरात होती. पुढे दहा-अकरा पिढ्या या घराण्यातील पुरुषांनी संस्थानिकाच्या घोडेस्वार रक्षकदलाच्या तुकडीचे प्रमुखपद आणि वेगवेगळ्या खात्यांची अधिकारपदे सांभाळली.

या आकड्यांचे वजन समजण्यासाठी शेजाऱ्यांकडे पाहावे लागते. कागा संस्थानात सर्वांत वरच्या पायरीवर आठ घराणी होती आणि त्यांतील सर्वांत मोठ्या होन्दा घराण्याची नेमणूकच 50,000 कोकूंची होती, म्हणजे इतरत्र तेवढ्यावर एखादे स्वतंत्र संस्थान चालले असते. नागामाचीतच राहणाऱ्या एका माएदा शाखेला 11,000 कोकू होते. या मांडणीत नोमुरा घराणे मधल्या थराच्या वरच्या कडेला बसते. घर भरलेले, माणसे बाळगण्याइतकी ऐपत, पण राजकारण फिरवण्याइतकी सत्ता नाही. अशा घराण्याला किल्ल्याच्या पश्चिमेकडील या वस्तीत हजार त्सुबोंहून अधिक, म्हणजे 3,300 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा मिळाली होती.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यायला हवी. ही जागा घराण्याने विकत घेतलेली नव्हती. सामुराईंच्या राहण्याच्या जागा संस्थानाकडून दर्जानुसार मिळत आणि दर्जा बदलला तर जागाही बदलू शकत असे. घर, आवार, बाहेरच्या देवडीची रुंदी, भिंतीची उंची या सगळ्यांतून त्या माणसाची नेमणूक रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येत असे. आवाराभोवती वाहणारा ओनोशो पाट हा शहरातील सर्वांत जुन्या पाटांपैकी एक. किल्ल्याच्या आणि शहराच्या बांधणीसाठी लाकूड याच पाण्यावरून आत आणले जाई, असे सांगितले जाते. शेती, आगीपासून बचाव, बर्फ वितळवणे आणि बागांमधले ओहोळ अशी सगळी कामे हा पाट करीत असे. आजही नोमुरांच्या बागेतले पाणी त्यातूनच आत येते आणि पुन्हा त्यातच जाते.

वाडा कसा गेला

1868 मध्ये शोगुनांची सत्ता संपली आणि सम्राटाच्या नावाने आलेल्या नव्या मेइजी सरकारने जुनी चौकट झपाट्याने मोडली. 1869 मध्ये संस्थानिकांनी आपापले मुलूख सम्राटाच्या स्वाधीन केले. 1871 मध्ये संस्थानेच रद्द होऊन त्यांच्या जागी प्रांत आले. 1876 मध्ये तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि त्याच वर्षी सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद करून त्यांच्या हातात व्याज देणारे सरकारी रोखे ठेवण्यात आले. तनख्याऐवजी रोखे हा व्यवहार कागदावर न्याय्य दिसत होता. पण पुढच्याच वर्षी सात्सुमा भागातल्या नाराज सामुराईंच्या बंडाचा खर्च भागवण्यासाठी सरकारने नोटा छापल्या, महागाई वाढली आणि त्या व्याजाची किंमत डोळ्यांदेखत घसरली. ज्यांनी रोखे मोडून दुकान काढले त्यांतील पुष्कळांचे भांडवल बुडाले. ‘सामुराईचा व्यापार’ हा शब्दप्रयोग जपानी भाषेत फसलेल्या धंद्यासाठी रूढ झाला, तो याच काळातला.

कानाझावाला हा फटका विशेष जोरात बसला, कारण हे शहर उभेच संस्थानाच्या खर्चावर होते. मेइजी काळाच्या आरंभी सव्वा लाखाच्या आसपास लोकवस्ती असलेले, एदो (आजचे तोक्यो), ओसाका आणि क्योतो यांच्यामागोमाग मोजले जाणारे हे शहर पुढच्या दोन-अडीच दशकांत आकसत गेले. असंतोषाचे एक टोक असे की मे 1878 मध्ये तोक्योत सरकारचा प्रमुख सूत्रधार ओकुबो तोशिमिची याचा खून झाला, तेव्हा हल्लेखोरांचा म्होरक्या शिमादा इचिरो हा कानाझावाचाच माजी सामुराई निघाला. खुद्द किल्ला लष्कराच्या ताब्यात गेला आणि 1881 च्या आगीत त्यातील राजवाडा जळाला.

अशा वेळी हजार त्सुबोंच्या आवारातले मोठे घर ही संपत्ती राहत नाही, ते ओझे होते. कानाझावाच्या कित्येक घरांची छपरे त्या वेळी लाकडी फळ्यांची होती, वर दगड ठेवून ती दाबून धरत. काही वर्षांनी फळ्या उलटाव्या किंवा बदलाव्या लागत. मातीच्या भिंतींना दर हिवाळ्यात ओल लागे. शोजीचा, म्हणजे सरकत्या दारांचा कागद, तातामीची, म्हणजे जमिनीवरची जाड गवती चटई, बागेतली छाटणी या साऱ्यांसाठी माणसे लागत, आणि ती माणसे नेमणुकीच्या तांदळावर पोसलेली असत. तांदूळ थांबला की घराचा श्वासही थांबला. नोमुरांचे घर पाडण्यात आले, आवाराचे तुकडे झाले आणि जेथे घोडेस्वार तुकडीचा प्रमुख पाहुण्यांना बसवत असे तेथे भाजीपाल्याचे वाफे आले. भिंतीचा काही भाग, बागेतली काही जुनी झाडे आणि पाण्याची वाट एवढे मात्र उरले.

या ठिकाणी तुलनेसाठी नागामाचीच्याच एका टोकाला असलेली दोन लहान घरे पाहण्यासारखी आहेत. ती आशिगारू, म्हणजे पायदळातील सर्वांत खालच्या दर्जाच्या शिपायांची घरे असून आज संग्रहालय म्हणून उभी आहेत. इतर बऱ्याच संस्थानांत आशिगारू चाळीसारख्या ओळीच्या घरांत राहत, पण कागात त्यांना अंगणासह वेगळे घर मिळे. या घरांतून त्या शिपायांचे वंशज विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत खरोखर राहत होते. म्हणजे बाराशे कोकूंचे घर एका पिढीत नाहीसे झाले आणि काही पोत्यांच्या नेमणुकीचे घर शंभर वर्षांहून अधिक टिकले. कारण सरळ आहे : लहान घर नोकरांशिवाय चालते. वास्तुजतनाच्या चर्चेत वैभवाला जपण्याची भाषा होते, पण आपोआप टिकून राहण्याची ताकद बहुधा काटकसरीच्या घरातच असते.

दुसरे घर, दुसरा ऱ्हास

आता कानाझावापासून नैर्ऋत्येला चाळीस-पन्नास किलोमीटरवर, जपानच्या समुद्राला लागून असलेल्या हाशिदाते गावाकडे वळावे लागते. हे गाव कागाच्या धाकट्या पातीच्या, दाइशोजी संस्थानाच्या हद्दीत होते आणि येथे कितामाएबुने गलबतांचे मालक राहत. ही गलबते ओसाकाहून निघत, पश्चिमेच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून जपानच्या समुद्रकिनाऱ्याने उत्तरेला एझोपर्यंत, म्हणजे आजच्या होक्काइदोपर्यंत जात आणि परत येत. त्यांची खरी गंमत अशी की ती केवळ भाड्याने माल वाहत नसत. मालक वाटेतल्या प्रत्येक बंदरात स्वतःच्या पैशाने खरेदी आणि विक्री करीत असे. उत्तरेकडे तांदूळ, मीठ, कापड, जुने कपडे जात. दक्षिणेकडे कोन्बू समुद्रशेवाळ आणि हेरिंग माशाची पिळून सुकवलेली पेंड येई. ही पेंड पश्चिम जपानच्या कापसाच्या शेतांना खत म्हणून लागे. कोकणात मासळीची कुटी झाडांना घालतात, त्याच जातीची ही वस्तू, फक्त व्यापार मोठ्या प्रमाणावरचा. एका बंदरातला भाव दुसऱ्या बंदराला ठाऊक नसणे हेच या धंद्याचे भांडवल होते, आणि एका यशस्वी फेरीत गलबताची किंमत निघून वर नफा राहू शकत असे.

अशा मालकांपैकी कुबो हिकोबेई याने 1843 मध्ये आपल्या घरात एक खास दालन बांधले. व्यापारी, सामाजिक उतरंडीत कागदोपत्री सर्वांत खालच्या पायरीवरचा. पण संस्थानाची तिजोरी रिकामी असली की त्याच्याकडे हात पसरावा लागे, आणि मोठी रक्कम देणाऱ्याच्या घरी संस्थानिकाने पाय ठेवणे हा त्या रकमेचा मोबदला ठरत असे. त्या भेटीसाठी जोदान-नो-मा लागे, म्हणजे बाकीच्या जमिनीपेक्षा एक पायरी उंच केलेली खोली, जेथे पाहुणा बसेल आणि यजमान खाली राहील. आपल्याच घरातल्या सर्वांत सुंदर खोलीत स्वतः न बसण्यासाठी माणसाने खर्च करावा, हा प्रकार विचित्र वाटेल, पण त्या खोलीचे अस्तित्व हीच त्या कुटुंबाची प्रतिष्ठा होती.

या दालनात हिनोकीचे लाकूड आहे, छताला चौकोनी खण आहेत, आणि शिसमाच्या व आबनुसाच्या जातीचे, समुद्रापलीकडून येणारे महागडे लाकूड बारीक कामासाठी वापरले आहे. सरकत्या फुसुमा भिंतींवर निसर्गदृश्ये आहेत, ती कानो या जुन्या जपानी चित्रपरंपरेतील चित्रकार सासाकी सेन्केई याची, आणि लगतच्या भेटीच्या दालनात सासाकी सेन्र्यू याची. थोडक्यात, सामुराई अभिरुचीचा सर्वांत नेटका नमुना येथे सामुराई नसलेल्या माणसाने सामुराईसाठी उभा केला. लष्करी घराण्यांवर साधेपणाचे बंधन होते, निदान तसा दंडक तरी होता. बाराशे कोकूंच्या नोमुरांच्या मूळ घरात एवढे महागडे लाकूड असते का, याची मला तरी शंका वाटते.

कुबोंच्या धंद्यालाही उतरती कळा लागलीच. मेइजी काळात तारायंत्र आले आणि उत्तरेतला भाव ओसाकात त्याच दिवशी कळू लागला. आगबोटी आल्या, मग रेल्वे आली. भावातल्या तफावतीवर उभा असलेला व्यापार त्या तफावतीबरोबरच संपला. सामुराईला सरकारी हुकमाने एका फटक्यात बाजूला केले, गलबतमालकाला तारेने आणि रुळांनी तीन-चार दशकांत. परिणाम दोन्हीकडे सारखाच, पण उरलेली वस्तू वेगळी : एकीकडे घर नसलेले आवार राहिले, दुसरीकडे माणूस पेलू न शकणारे घर.

जोडणी

शोवा काळाच्या आरंभी, म्हणजे 1926 नंतरच्या काही वर्षांत, कुबोंच्या घराचा हा भाग उतरवून नोमुरांच्या जुन्या जागेवर आणून उभारण्यात आला. आपल्याकडे दगडविटांच्या वास्तूंची सवय असल्यामुळे ‘घर हलवले’ हे शब्द ऐकताना आश्चर्य वाटते. जपानी लाकडी बांधणीत मात्र ही गोष्ट मुळातच गृहीत असते. खांब आणि तुळया एकमेकांत खाचा आणि जिभा बसवून जोडलेल्या असतात, सांगाड्याला खिळ्यांची गरज जवळपास नसते. उतरवताना प्रत्येक तुकड्यावर त्याची जागा सांगणारी खूण करतात, मातीचे लिंपण काढतात, सांगाडा सुटा करून वाहून नेतात आणि नव्या जागी खुणांनुसार जोडतात. किडलेला तुकडा असेल तर तेवढाच बदलतात. भिंतींची माती तेथेच नव्याने लिंपतात. खोलीची मापे तातामीच्या ठरलेल्या पटीत असल्यामुळे चटयाही नव्या घातल्या तरी बसतात.

त्या काळात हे काम नोमुरांच्या आवारापुरते नव्हते. रेशमाचा व्यापारी हारा सान्केई याने योकोहामाच्या सान्केईएन या आपल्या बागेत क्योतो आणि कामाकुरा यांसारख्या ठिकाणांहून जुन्या इमारती आणून मांडल्या, त्या याच अर्धशतकात. नव्या पैशाला जुन्या लाकडाची किंमत कळू लागली होती, आणि जुन्या मालकांना ते विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. नोमुरांच्या जागेवर जे घडले ते याच प्रवाहातले असले तरी त्यात एक फरक आहे. येथे जुन्या बागेत जुने घर बसवताना दोन अर्धवट अवशेषांना एकमेकांची उणीव भरून काढायला लावले गेले.

आणि जोड इतकी बेमालूम बसली की आज सांधा दिसत नाही. दालनाच्या ओसरीखालीच पाणी येते. बागेची रुंदी फार नाही, तरी पाण्याच्या दोन पातळ्या, लहान धबधबा, गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटचा पूल आणि माणसाच्या उंचीएवढा बर्फदर्शनी दगडी दीप (ज्याच्या रुंद छपरावर साठलेला बर्फ पाहायचा असतो) यांमुळे नजर कोठेही थेट भिंतीवर आदळत नाही. यामामोमो या फळझाडाचे वय 400 वर्षे सांगतात. उष्ण प्रदेशातले हे झाड या बर्फाळ पट्ट्यात आपसूक उगवत नाही, म्हणजे ते कोणीतरी हौसेने आणून जगवले. एका बाजूच्या दगडी पायऱ्या वर चहाच्या खोलीकडे नेतात. अमेरिकेतून निघणाऱ्या जपानी बागांविषयीच्या एका नियतकालिकाने 2003 मध्ये या बागेला बागेसाठी प्रसिद्ध असलेले आदाची संग्रहालय आणि क्योतोचा कात्सुरा प्रासाद यांच्यामागोमाग तिसरे स्थान दिले, आणि 2009 मध्ये मिशेलिनच्या प्रवासमार्गदर्शिकेत या स्थळाला दोन तारे मिळाले. या मानांकनांना किती महत्त्व द्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तेव्हापासून बागेकडे पाहणारी गर्दी घराकडे पाहणाऱ्या गर्दीपेक्षा मोठी झाली आहे.

अस्सल म्हणजे काय

हे घर ‘सामुराई निवास’ म्हणवून घेण्यास पात्र आहे का? काटेकोर इतिहासकार नाही म्हणेल. मुख्य दालन व्यापाऱ्याचे, आवार मूळच्या एका तुकड्याएवढे, मधली काही दशके भाजीपाल्याची. तुलनेसाठी अकिता प्रांतातल्या काकुनोदाते गावात इशिगुरो घराण्याचे सामुराई निवास आहे, तेथे त्या घराण्याचे वंशज अजूनही राहतात आणि घराचा एक भाग पाहुण्यांना दाखवतात. त्याच्यापुढे नोमुरा निवास नकली ठरेल.

पण मला हा निकाल घाईचा वाटतो. 1994 मध्ये नारा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वास्तूच्या अस्सलपणाविषयी जो मसुदा मान्य केला त्यात साहित्याबरोबरच जागा, वापर, परंपरा आणि तंत्र यांनाही पुरावा म्हणून स्थान दिले गेले. लाकडी वास्तू पुनःपुन्हा उतरवून उभारणाऱ्या देशात ही चर्चा व्हावी हे स्वाभाविकच होते. त्या दृष्टीने पाहिले तर नोमुरांच्या आवारात माती, पाणी आणि झाडे कागा संस्थानाची आहेत, दालन त्याच संस्थानाच्या धाकट्या पातीतले आणि सामुराईच्या आगमनासाठी घडवलेले आहे, आणि कुटुंबाच्या वस्तू खऱ्या आहेत. प्रदर्शनात सोळाव्या शतकातले एक पत्र आहे. लढाईत शत्रूचे शिर कापून आणल्याबद्दल नोमुरा घराण्यातील एका पुरुषाचे त्यात शांत, जवळजवळ घरगुती शब्दांत आभार मानले आहेत. चंदेरी माशांच्या तळ्याशेजारी हे पत्र वाचताना या वर्गाच्या दोन शतकांच्या शांततेमागे काय होते ते जेवढे कळते, तेवढे कोणत्याही तुळईकडे पाहून कळणार नाही.

माझा आक्षेप आहे तो सांगण्याच्या क्रमावर. स्थलांतराची गोष्ट लपवलेली नाही, माहितीपत्रकात ती येते. पण ती एका वाक्यात येते, आणि खरे तर तीच या जागेची मुख्य गोष्ट आहे. दर्शनी चिलखतापेक्षा हिकोबेईच्या पेंडीच्या व्यापाराचा नकाशा तेथे मांडला असता तर उंच खोलीचा अर्थ येणाऱ्याला पहिल्याच पावलाला उमगला असता.

भिंतींच्या बाबतीत मात्र शहराने काटेकोरपणा दाखवला आहे. दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्बहल्ला झाला नाही, त्यामुळे जुनी रस्त्यांची मांडणी शाबूत राहिली. नंतरच्या बांधकामाच्या लाटेत ती जाईल हे ओळखून 1968 मध्ये शहराने पारंपरिक परिसराच्या जतनाचा स्वतःचा नियम केला. जपानमधील अशा प्रकारच्या पहिल्या नगरनियमांत त्याची गणना होते. नागामाचीत दर डिसेंबरात मातीच्या भिंतींना भाताच्या पेंढ्याच्या चटया टांगतात आणि मार्चमध्ये काढतात. भिंतीत मुरलेले पाणी गोठले की फुगते आणि लिंपण सोलून काढते, त्यावर हा उपाय आहे. पूर्वी हे काम प्रत्येक घराण्याच्या नोकरांचे होते, आता ती सार्वजनिक जबाबदारी झाली आहे.

हाशिदाते गावाचेही पुढे नशीब फिरले. 1872 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला होता. नंतर बांधलेली गलबतमालकांची घरे मात्र टिकली, आणि 2005 मध्ये राष्ट्रीय पातळीवर या गावाला पारंपरिक वास्तुसमूहाचे महत्त्वाचे जतनक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. गलबतांच्या जुन्या फळ्यांनी मढवलेल्या भिंती, लाल कौले आणि पायात वापरलेला हिरवट शाकुदानी दगड यांसाठी लोक आता तेथे जातात. अशा क्षेत्रात नोंद झालेली वास्तू उतरवायची किंवा हलवायची तर परवानगी लागते. हा नियम शोवाच्या आरंभी असता तर कुबोंचे दालन हाशिदातेतच राहिले असते, आणि कानाझावात नोमुरा या नावापुढे दाखवायला एक भिंत, एक पाट आणि एक यामामोमोचे झाड एवढेच असते.